स्थानिक बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास कसा लिहावा

बहुतेक मंडळ्यांना आपल्या इतिहासाची आठवण होते ती सुवर्णमहोत्सवाच्या किंवा शतकमहोत्सवाच्या सहा महिने आधी. समिती नेमली जाते, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा होतात, आणि आजवरच्या पाळकांची छायाचित्रे ओळीने छापून त्यांखाली कारकिर्दीची वर्षे घातली की इतिहास झाला, असे समजले जाते. अशा स्मरणिकेत कोनशिला कोणाच्या हस्ते बसली हे हमखास सापडते. मात्र पहिली पाच कुटुंबे कोठून आली, का आली आणि त्यांतील दोन पुढे का निघून गेली, हे सापडत नाही. बॅप्टिस्ट मंडळीच्या बाबतीत ही उणीव अधिकच बोचते, कारण या परंपरेत स्वतःच्या विश्वासाची जाहीर कबुली देऊन पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेले सभासद हीच मंडळी असते. तेव्हा तिचा इतिहास सभासदांच्या यादीपासून सुरू करावा, पाळकांच्या यादीपासून नव्हे. हे काम कसे करावे ते पुढे सांगितले आहे, आणि उदाहरणांसाठी मुख्यतः दोन जुन्या मंडळ्या घेतल्या आहेत: बंगालमधील श्रीरामपूर आणि आंध्रातील ओंगोल.

दफ्तर कोठे शोधावे

कॅथलिक किंवा अँग्लिकन धर्मग्रामाचा इतिहास लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते: वर धर्मप्रांत असतो, बिशपचे कार्यालय असते, आणि वसईच्या किंवा गोव्याच्या जुन्या चर्चमधील नोंदवह्यांना त्या व्यवस्थेचे छत्र असते. बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो. ती स्वतःचा पाळक स्वतः बोलावते, नवा सभासद घ्यायचा की नाही हे सभासदांच्या सभेत ठरवते, आणि आपला हिशेबही आपणच ठेवते. या स्वायत्ततेचा थेट परिणाम असा, की तिचे दफ्तर तिच्याच घरी राहते, आणि ‘घरी’ याचा अर्थ बहुधा माजी चिटणिसांच्या माळ्यावरील पत्र्याची ट्रंक असा असतो. एका मंडळीच्या स्मरणिकेच्या कामात मी मदत केली, तेव्हा पहिल्या 20 वर्षांच्या सभांचे इतिवृत्त असेच एका कुटुंबाच्या लग्नातील भांड्यांखाली सापडले. वरची पाने वाळवीने खाल्ली होती, आतली शाबूत होती. म्हणून सर्वांत आधी आजवरच्या चिटणिसांची आणि खजिनदारांची यादी करावी व त्यांच्या वारसांकडे स्वतः जाऊन विचारावे. फोनवर विचारल्यास ‘काही नाही’ असे उत्तर मिळते, समोर बसून चहा घेतल्यावर मात्र ट्रंक उघडली जाते.

शोधायच्या कागदांत सभासदांची नोंदवही, बाप्तिस्म्याची नोंदवही, मंडळीच्या सभांची इतिवृत्ते आणि वर्गणीचे हिशेब हे चार मुख्य होत. विवाहाची नोंदवही वेगळी असते. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ती ठेवणे बंधनकारक असून तिच्या प्रमाणित प्रती शासकीय निबंधकाकडे पाठवाव्या लागतात, त्यामुळे मंडळीची प्रत गहाळ झाली तरी दुसरी प्रत शोधण्यास वाट उरते. महाराष्ट्रातील मंडळीची मिळकत सार्वजनिक न्यासाच्या नावे असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांच्या बदलांचे अर्ज मिळतात. ही कागदपत्रे रुक्ष असली तरी कोणत्या वर्षी कोण विश्वस्त होते आणि वाद कधी उद्भवला हे त्यांवरून नेमके कळते. जागेचा इतिहास मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारा उताऱ्यावर पाहावा.

मिशनने स्थापन केलेल्या मंडळीची दुसरी बाजू परदेशात असते. इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे दफ्तर ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजमधील अँगस ग्रंथालयात आहे, अमेरिकन बॅप्टिस्टांचे अटलांटा येथील अमेरिकन बॅप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटीत आहे, तर श्रीरामपूर कॉलेजच्या आवारातील केरी ग्रंथालयात त्या मिशनची छापील व हस्तलिखित सामग्री जतन केलेली आहे. या संस्थांना पत्र लिहिताना आपल्या गावाच्या नावाची त्या काळची सर्व स्पेलिंगे द्यावीत. श्रीरामपूरचेच पाहा: डॅनिश कागदांत ते फ्रेडरिक्सनगर आहे, इंग्रजीत सेरामपोर आहे, आणि मराठी वाचकाला तर अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच आधी आठवते. इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले मराठीचे व्याकरण 1805 मध्ये आणि मोडी अक्षरांतील कोश 1810 मध्ये ज्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला, ते श्रीरामपूर हुगळीच्या काठचे आहे. माणसांच्या नावांचीही हीच गत असते. परदेशी कानाने ऐकलेले मराठी आडनाव तीन अहवालांत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र कार्ड करून तिच्या नावाची सर्व रूपे त्यावर उतरवावीत.

मंडळीचा जन्मदिवस

इतिहास लिहू लागताच पहिला वाद तारखेवरून होतो, आणि तो होऊ द्यावा. केरी 1793 च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरले. 1795 मध्ये मदनावती येथे, जेथे ते निळीच्या कारखान्यावर देखरेख करीत होते, मोजक्या युरोपीयांची एक छोटी मंडळी बांधली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक नसल्याने 1799 च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सोबती डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला उतरले. 10 जानेवारी 1800 रोजी केरी त्यांना येऊन मिळाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मंडळी रीतसर बांधून केरींना पाळक निवडण्यात आले. आणि 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला. यांतील श्रीरामपूरच्या मंडळीचा जन्मदिवस कोणता? मिशनच्या दृष्टीने पाहणारा जानेवारी म्हणेल, बॅप्टिस्ट तत्त्वाने पाहणारा एप्रिल म्हणेल, आणि बंगाली सभासदाचा वंशज डिसेंबरवर बोट ठेवील. माझ्या मते बॅप्टिस्ट मंडळीच्या इतिहासात सभासदांनी एकत्र येऊन मंडळी बांधल्याचा दिवस जन्मदिवस धरावा. मात्र उरलेल्या तारखाही मजकुरात द्याव्यात आणि प्रत्येक तारखेला नेमके काय घडले ते एकेका वाक्यात सांगावे. आपल्या मंडळीच्या बाबतीत पहिली प्रार्थनासभा, पहिला बाप्तिस्मा, मंडळीची रीतसर बांधणी, पहिल्या पाळकाची नेमणूक, इमारतीचे उद्घाटन आणि न्यासाची नोंदणी या सहा तारखा वेगवेगळ्या ओळींवर लिहून ठेवल्या, की स्मरणिकेवर ‘स्थापना’ म्हणून छापलेले वर्ष यांपैकी कशाचे आहे ते लगेच उघड होते. पुष्कळदा ते इमारतीचे निघते.

पहिल्या सभासदांवर वेळ घालवावा

पहिल्या दहा-वीस सभासदांची प्रकरणे हा या सबंध लेखनाचा गाभा आहे. येथे पानांची काटकसर करू नये. कृष्ण पालच्या नोंदीतून किती गोष्टी उलगडतात ते पाहिले म्हणजे याचे कारण पटेल. त्याचा खांदा निखळला होता आणि मिशनमधील डॉ. जॉन थॉमस यांनी तो बसवला. त्या ओळखीतून बोलणे वाढले. 22 डिसेंबर 1800 रोजी तो आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनऱ्यांच्या पंगतीस बसले, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीच जात मोडली. गावात गोंधळ उडाला आणि जमावाने त्यांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेले. बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रत्यक्षात कृष्ण पाल आणि केरींचा मुलगा फेलिक्स हे दोघेच पाण्यात उतरले. गोकुळ त्या दिवशी मागे राहिला. डॅनिश गव्हर्नर काठावर उपस्थित होते. त्याच सुमारास, ज्यांच्या हाताने हा पहिला सभासद मिशनच्या उंबऱ्यात आला त्या थॉमसांना भ्रम होऊन कोंडून ठेवावे लागले होते, आणि केरींच्या पत्नी डॉरोथी याही कित्येक वर्षे मनोविकाराने ग्रस्त होत्या.

महोत्सवी लेखक यातले अखेरचे वाक्य गाळतो. ते गाळू नये. केरी बंगालमध्ये उतरल्यापासून सात वर्षे एकही भारतीय सभासद झाला नव्हता. तो झाला त्या दिवशी त्या घरात काय स्थिती होती हे सांगितल्याशिवाय त्या सात वर्षांची किंमत वाचकाला कळत नाही.

म्हणून प्रत्येक आरंभीच्या सभासदाविषयी हेच प्रश्न विचारावेत: व्यवसाय कोणता, जात कोणती होती, मंडळीशी ओळख कोणामुळे झाली, घरातील कोण बरोबर आले आणि कोण आले नाही, नातलगांनी काय केले, पुढे पोटापाण्याचे काय झाले. जातीचा प्रश्न विचारण्यास काही जण संकोचतात, आणि हयात कुटुंबाची परवानगी असल्याशिवाय ती माहिती छापूही नये; परंतु टिपणांत ती असली पाहिजे, कारण मंडळीत जात कशी आणि किती मोडली हे इतरत्र कोठेही नोंदलेले नसते. श्रीरामपुरात 1803 मध्ये कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाचा विवाह कृष्ण पालच्या मुलीशी झाला, आणि त्याच वर्षी गोकुळचे निधन झाले तेव्हा त्याची शवपेटी मार्शमन, फेलिक्स केरी, एक ब्राह्मण सभासद आणि एक पूर्वाश्रमीचा मुसलमान सभासद अशा चौघांनी खांद्यावर नेली. या नोंदी विवाहाच्या आणि दफनाच्या आहेत, प्रवचनांच्या नाहीत. जात मोडण्याविषयी पाळक काय बोलले त्यापेक्षा कोणी कोणाशी लग्न केले आणि कोणी कोणाला खांदा दिला याला पुरावा म्हणून अधिक वजन असते, तेव्हा विवाहाची वही आणि दफनभूमीतील दगड या दोन्हींचे वाचन स्वतः करावे.

स्त्रियांची नावे मुद्दाम शोधावी लागतात, कारण इतिवृत्तांत त्या ‘अमुक यांची पत्नी’ म्हणूनच येतात. स्त्रियांच्या सभेची वेगळी वही असल्यास तीत खरी नावे मिळतात, आणि वर्गणीच्या हिशेबांतूनही पुष्कळदा असे दिसते की दुरुस्तीचा खर्च ज्या निधीतून निघाला तो निधी याच सभेने जमवला होता.

वाढ म्हणजे कोणती संख्या

यापुढचा भाग सर्वांत जास्त चुकतो. बॅप्टिस्ट मंडळीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे सभासदांच्या संख्येत मुले धरलेली नसतात आणि बाप्तिस्म्याच्या वहीवरून जन्मवर्षही काढता येत नाही. शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीची 300 आणि आपली 120 ही तुलना म्हणूनच फसवी ठरते. तिकडच्या आकड्यात कदाचित तान्ही बाळेही असतील. सभासद, उपासनेस येणारे लोक, रविवारच्या शाळेतील मुले आणि ख्रिस्ती कुटुंबांतील एकूण माणसे या चार संख्या प्रत्येक वर्षासाठी चार रकान्यांत मांडाव्यात, आणि कोणत्या रकान्याचा आकडा आपण वापरत आहोत ते दर वेळी सांगावे.

सभासदांच्या रकान्यापुढे आणखी सहा रकाने काढावेत: बाप्तिस्म्याने आलेले, दुसऱ्या मंडळीचे सभासदत्व-बदलाचे पत्र घेऊन आलेले, पुन्हा सामील करून घेतलेले; आणि त्यांच्यासमोर मृत्यूने गेलेले, पत्र घेऊन गेलेले, शिस्तीखाली किंवा गैरहजेरीमुळे यादीतून काढलेले. हा ताळेबंद जुळवताना घाम निघतो, पण एकदा जुळला की मंडळी का वाढली किंवा का घटली याचे निम्मे उत्तर हातात येते. ज्या मंडळीत दहा वर्षांत बाप्तिस्म्याने आलेले मोजके आणि पत्राने आलेले पुष्कळ, तिची वाढ रेल्वेच्या, गिरणीच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या नोकऱ्यांमुळे झाली असण्याचा संभव अधिक. मुंबईत तेलुगू भाषकांच्या ज्या बॅप्टिस्ट मंडळ्या आहेत, त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने तर पहिले टिपण किनारी आंध्रात जाऊनच करावे.

कारण त्या वाढीचे मूळ तेथे आहे. जॉन क्लाऊ या अमेरिकन मिशनऱ्याने ओंगोलची मंडळी 1 जानेवारी 1867 रोजी अवघ्या आठ सभासदांनिशी बांधली. तिचा विस्तार झाला तो मुख्यतः चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या मादिगा समाजात, आणि त्यातही येर्रागुंट्ला पेरय्या या त्याच समाजातील प्रचारकाच्या पायपिटीमुळे. 1876 ते 1878 या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. लोकांना मजुरी मिळावी म्हणून क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याच्या खोदकामाचे कंत्राट घेतले, आणि पोटासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून त्या काळात बाप्तिस्मे देणे थांबवले. दुष्काळ ओसरल्यावर 1878च्या जुलैमध्ये गुंडलकम्मा नदीकाठी वेल्लमपल्ली येथे 2 तारखेला 614, 3 तारखेला 2,222 आणि 4 तारखेला 700 अशा 3,536 जणांचे बाप्तिस्मे झाले. वर्षअखेरीस ओंगोलच्या यादीवर सुमारे 12 हजार सभासद होते.

स्मरणिकेला आवडणारा आकडा 2,222 हाच असतो, आणि तो खरा आहे. पण इतिहासकाराने त्याच्या मागे आणि पुढे पाहावे. बाप्तिस्मे थांबवले होते म्हणजे इच्छुकांची रांग साचत गेली होती. तीन दिवसांचा आकडा हा पुष्कळ महिन्यांचा साठा होता. 3 तारखेला क्लाऊ यांनी स्वतः एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. ते काम भारतीय प्रचारकांनी पाळीपाळीने केले, आणि तरीही पुस्तकांतून नाव राहिले ते क्लाऊ यांचे. कालव्यावरील मजुरी, एकाच समाजातील सोयरीक, आणि दुष्काळात कोण धावून आले याची आठवण या सर्वांचा त्या निर्णयात वाटा होता. तो नाकारण्याची गरज नाही, आणि तेवढ्यावरून त्या लोकांच्या विश्वासाला पोटार्थी ठरवण्याचाही अधिकार लेखकाला नाही. शिवाय 12 हजार सभासदांची ‘एक’ मंडळी म्हणजे प्रत्यक्षात गावोगाव विखुरलेले लहान समुदाय होते, हेही त्याच जागी सांगावे. आपल्या मंडळीत एखाद्या वर्षी आकडा अचानक उसळलेला दिसला, तर त्या वर्षीचे पर्जन्यमान, रोगराई, मिशनने उघडलेली शाळा किंवा दवाखाना, आणि शेजारची कोणती मंडळी त्याच वर्षी फुटली हे तपासावे. घसरणीच्या वर्षांनाही तितकीच जागा द्यावी.

भांडणे आणि फाटाफूट

प्रत्येक मंडळी आपली मालक असल्याने बॅप्टिस्टांत मंडळी फुटणे अवघड नसते, आणि नव्या मंडळीचा जन्म पुष्कळदा जुन्या मंडळीतील भांडणातून होतो. ही गोष्ट लपवून लिहिलेला इतिहास गावातील प्रत्येकाला खोटा वाटतो, कारण खरे काय ते सर्वांनाच ठाऊक असते. येथेही श्रीरामपूरचा धडा उपयोगी आहे. इंग्लंडमधील सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर 1815 मध्ये वारल्यावर, श्रीरामपूरची मिळकत कोणाच्या नावे आणि कोणाच्या हुकमतीत यावरून सोसायटीशी तंटा वाढला. नव्या पिढीतील मिशनरी, त्यांत केरींचे सख्खे पुतणे युस्टेसही होते, वेगळे होऊन कलकत्त्यात काम करू लागले. आणि 1827 मध्ये श्रीरामपूर व सोसायटी रीतसर विभक्त झाले. 1837 मध्ये पुन्हा मिलाफ झाला, तोवर केरी व वॉर्ड हयात नव्हते आणि मार्शमनही त्याच वर्षी वारले. एरवी सद्वर्तनी असलेली ही माणसे दहा वर्षे मिळकतीवरून दुरावली, हे दोन्ही बाजूंच्या छापील पत्रांसह उपलब्ध आहे.

लिहिताना दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवावेत, तारखा आणि ठराव शब्दशः द्यावेत, हेतूंविषयी तर्क करू नयेत. शिस्तभंगाच्या जुन्या नोंदींत दारू, व्यभिचार, कर्ज बुडवणे अशा कारणांनी सभासदांना प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याचे उल्लेख येतात. तेथे नाव न देता ‘एका सभासदास’ असे लिहून कारणांचा व संख्येचा आढावा द्यावा, कारण नातवंडे त्याच बाकांवर बसत असतात.

फाटाफूट नेहमी भांडणातूनच होते असेही नाही. 1812 मध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या अमेरिकेच्या काँग्रिगेशनल पंथाने पाठवलेल्या मिशनऱ्यांपैकी अडोनिराम जडसन यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत जलप्रवासात बदलले आणि कलकत्त्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये सप्टेंबरात वॉर्ड यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट आपल्या मतावर राहिले आणि 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनचा, आणि म्हणून 1842 मध्ये अहमदनगरहून निघू लागलेल्या ‘ज्ञानोदया’चाही, उगम असा एका बाप्तिस्म्याच्या मतभेदाला लागून आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही पंथाच्या मंडळीविषयी लिहिणाऱ्याने ‘ज्ञानोदया’चे जुने अंक चाळावेत, शेजारच्या पंथाने आपल्याविषयी काय छापले ते तेथे मिळण्याचा संभव असतो.

तोंडी आठवणी

वयोवृद्ध सभासदांच्या मुलाखती कागदपत्रे वाचून झाल्यावर घ्याव्यात, आधी नव्हे. वही वाचून गेल्यास ‘तुमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी टाकी होती की नदीवर गेला होता?’ असा नेमका प्रश्न विचारता येतो आणि त्यातून आठवणी सुटत जातात. बोलणे ध्वनिमुद्रित करावे, छापण्याची लेखी संमती घ्यावी, आणि आठवण व नोंद यांत तफावत आल्यास दोन्ही द्याव्यात. जुनी छायाचित्रे याच भेटीत मागून तेथेच मोबाइलवर टिपून परत करावीत व मागील बाजूस असलेला मजकूरही टिपावा.

मांडणी व जतन

मांडणी पाळकांच्या कारकिर्दीनुसार न करता मंडळीच्या आयुष्यातील वळणांनुसार करावी: बांधणी, पहिली पिढी, मिशनकडून स्वतःच्या वर्गणीवर येणे, इमारत, स्थलांतर, फूट, कन्या-मंडळ्या. यांतील ‘स्वतःच्या वर्गणीवर येणे’ हे प्रकरण हिशेबाच्या वह्यांतूनच लिहिता येते. पाळकाच्या पगारातील मिशनचा वाटा कोणत्या वर्षी शून्यावर आला ते शोधून काढावे. मंडळीचे करारपत्र (सभासदांनी एकमेकांशी केलेला लेखी करार) किंवा विश्वासाची कलमे असल्यास ती परिशिष्टात पूर्ण छापावीत. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1805 मध्ये केलेले करारपत्र प्रत्येक ठाण्यात वर्षातून तीनदा वाचले जावे असा नियम होता. आपले करारपत्र शेवटचे केव्हा वाचले गेले हे इतिवृत्तांत पाहावे, त्याचे उत्तर बरेच काही सांगून जाते.

काम पूर्ण होईपर्यंत मूळ वह्या कोणाच्याही घरी नेऊ देऊ नयेत. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, तेव्हा इतर पुष्कळ सामानाबरोबर केरींच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखितही जळाले. त्याची दुसरी प्रत नव्हती. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, फाइलींना वहीचे नाव व पानाचा क्रमांक द्यावा, आणि एक संच मंडळीत, एक विश्वस्तांकडे व एक शहराबाहेरील एखाद्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पोच घेऊन, ठेवावा.